घोड्यांनी ओढलेला विळा

उर्दूत ‘तारीख’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दिनांक आणि दुसरा इतिहास. मराठीने त्यातला पहिला ठेवून घेतला. वर्गात हा शब्द शिकवताना मी उदाहरण म्हणून १ मे ही तारीख देतो. महाराष्ट्र दिन सगळ्या मुलांना माहीत असतो, कामगार दिन बहुतेकांना. तो कुठून आला असे विचारले की एखादी हुशार मुलगी शिकागोचे नाव घेते. पण शिकागोतल्या ज्या कारखान्याच्या फाटकाबाहेर ३ मे १८८६ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी मजूर मेले, त्या कारखान्यात तयार काय होत होते? मुले कापड म्हणतात, कुणी कोळसा म्हणते. शिक्षकांच्या खोलीतही मला याहून बरे उत्तर मिळालेले नाही. तिथे पिके कापायची यंत्रे तयार होत होती. घोड्यांनी ओढायची.

या यंत्रांकडे मी वळलो तो मात्र घोड्यांमुळे. माझे नाना नालबंद होते. आमच्या भागात हे काम पिढ्यानपिढ्या मुसलमान घरांत चालत आले. बाजाराच्या दिवशी ते लिंबाखाली पेटी उघडून बसत. बैलाला दोरीने आडवे पाडून खुराला पत्री ठोकत, आणि टांग्याचे घोडे आले की त्यांचा चेहरा खुलत असे. लोखंड हाताळणाऱ्या माणसांबद्दल मला त्यामुळे जन्माचेच कुतूहल आहे. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका शेताचे चित्रण पाहण्यात आले. चार दांडगे घोडे एका रांगेत, त्यांच्यामागे शंभरेक वर्षे जुने, गंज खरवडून पुन्हा चालते केलेले यंत्र, आणि त्यातून दर काही पावलांवर सुतळीने बांधलेली गव्हाची पेंढी बाहेर पडते आहे. मी ते चित्रण तीन-चार वेळा पाहिले. पेंढीला गाठ मारणारे माणसाचे हात मी शोधत होतो. ते कुठेच नव्हते. तेव्हापासून या यंत्रांचा इतिहास आणि त्यांची मरम्मत करणाऱ्यांचे लिखाण जमेल तसे वाचत आलो आहे.

आधी मुळात अडचण काय होती, ते पाहू. पेरणी चार दिवस पुढे-मागे झाली तर चालते, कापणी थांबत नाही. गहू पिकून गेला की दाणा झडतो. पाऊस आला तर उभ्या पिकाची माती होते. शेतकरी पेरू शकतो त्याहून कापू कमी शकतो, आणि म्हणून किती पेरायचे हे कापणीच्या हातांवर ठरते. आपल्याकडे या कामाची भाषाच सांगते की ते किती हातांचे होते. कापणाऱ्यांनी एकेक पात धरायची, मागच्याने पेंढ्या बांधायच्या, कुणी सुडी रचायची, मग खळे, मळणी, उफणणी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विळ्याच्या जागी लांब दांड्याचा, लाकडी बोटांची चौकट लावलेला कोयता आला होता. तो चालवणारा तगडा माणूस दिवसाला दोन-तीन एकर कापू शके. त्याच्या मागे गोळा करणारे आणि बांधणारे वेगळेच. जमीन अफाट आणि माणसे थोडी, अशा देशात ही मोठी अडचण होती.

जनावराच्या बळावर पीक कापण्याची कल्पना तशी फार जुनी. रोमन काळात गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या भागात, गाढवाने किंवा बैलाने मागून ढकलायची दातेरी पेटी वापरत. ती फक्त कणसे खुडून घेई. प्लिनीने तिचा उल्लेख केला आहे आणि बेल्जियममध्ये १९५८ साली तिचे दगडी शिल्पही सापडले. पुढे ती विसरली गेली. स्कॉटलंडमध्ये पॅट्रिक बेल या धर्मशिक्षण घेणाऱ्या तरुणाने १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात घोड्यांनी मागून ढकलायचे कापणीयंत्र बनवले आणि ते चालले. त्याने पेटंट मात्र घेतले नाही. पुढे तो पाद्री झाला. असा माणूस मला आवडतो, पण इतिहासात अशांचे नाव बारीक अक्षरांत येते.

ठळक अक्षरांत येते ते सायरस मॅकॉर्मिक यांचे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात रॉकब्रिज काउंटीत वॉलनट ग्रोव्ह नावाचे त्यांच्या वडिलांचे शेत होते, तिथेच लोहारशाळा आणि पिठाची गिरणी. वडील रॉबर्ट मॅकॉर्मिक वर्षानुवर्षे कापणीयंत्राचा नाद करत होते आणि अखेर त्यांनी तो सोडला. १८३१ च्या उन्हाळ्यात बावीस वर्षांच्या सायरसने आपले यंत्र जवळच्या स्टील्स टॅव्हर्न या गावी ओटच्या पिकात चालवून दाखवले. एका दुपारीत सहा एकर कापले, असे सांगतात.

या यंत्रातले मुद्दे समजून घेण्यासारखे आहेत, कारण आज शेतात फिरणाऱ्या कंबाइनमध्येही त्यातले बहुतेक तसेच आहेत. जमिनीवरून फिरणारे एक मोठे चाक हेच यंत्राचे इंजिन. घोडा चालला की चाक फिरते, चाकाची गती दातेरी चक्रांतून एका दांड्याला मिळते आणि तो दांडा पाते डावी-उजवीकडे वेगाने सरकवतो. पात्यापुढे लोखंडी बोटे असतात. ती देठांना धरून ठेवतात, नाहीतर पीक कापले न जाता वाकून जाईल. वर पंख्यासारखा फिरणारा लाकडी रहाट पिकाला पात्याकडे ओढतो आणि कापलेले पीक मागच्या फळीवर निजवतो. कडेला एक टोकदार फळी कापायचे पीक उभ्या पिकापासून वेगळे करते. आणि घोडा यंत्राच्या बाजूला, आधीच्या फेरीत मोकळ्या झालेल्या जमिनीवरून चालतो. बेल यांच्या यंत्रात घोडे मागून ढकलत होते. घोडा पुढे बाजूला घेतल्यामुळे यंत्र हलके झाले आणि वळवायला सोपे.

पेटंटची शर्यत मात्र मॅकॉर्मिक यांनी जिंकली नाही. ओबेड हसी या माणसाने १८३३ च्या डिसेंबरात आपल्या कापणीयंत्राचे पेटंट मिळवले, मॅकॉर्मिक यांना ते १८३४ च्या जूनमध्ये मिळाले. दोघांचे भांडण पुढे बरीच वर्षे चालले. १८४७ मध्ये मॅकॉर्मिक शिकागोला गेले, जिथून पुढे गव्हाचा सगळा सपाट मुलूख सुरू होतो. १८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात यंत्र मांडले तेव्हा ‘टाइम्स’ने त्याची थट्टा केली. ओल्या पिकात प्रत्यक्ष चालवून दाखवल्यावर थट्टा थांबली आणि यंत्राला मोठे पदक मिळाले. १८५५ च्या एका पेटंट खटल्यात तर मॅकॉर्मिक यांच्या विरुद्ध पक्षाने अब्राहम लिंकन यांना वकील म्हणून घेतले आणि बड्या वकिलांनी त्यांना कोर्टात बोलूही दिले नाही. त्या बड्यांपैकी एडविन स्टँटन यांना पुढे लिंकन यांनीच आपला युद्धमंत्री केले. हे विषयांतर झाले, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली यंत्रे फक्त कापत. फळीवर साठलेले पीक एक माणूस बाजूने चालत दाताळ्याने खाली ओढी, आणि मागे पाच-सहा जण वाकून पेंढ्या बांधत. मग दाताळ्याचे काम यंत्राकडे गेले. नंतर बांधणाऱ्यांना यंत्रावरच उभे करणारी रचना आली. १८७० च्या दशकात तारेने पेंढी बांधणारी यंत्रे निघाली, पण तारेचे तुकडे कडब्यातून जनावरांच्या पोटात जातात आणि धान्यातून गिरणीत, अशी तक्रार झाली. सुतळी हवी होती, आणि सुतळीला गाठ लागते. ती गाठ विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबी यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस यंत्राकडून मारून घेतली. मी चित्रणात जे हात शोधत होतो, ते इथे हरवले होते.

हे यंत्र म्हणजे बाइंडर. कापणारे आणि बांधणारे. घोड्यांच्या मदतीने शेती करणारे आज जी जुनी कापणीयंत्रे दुरुस्त करतात, त्यांत गवत कापायची साधी यंत्रे पुष्कळ असतात, पण खरा कस लागतो तो बाइंडरला. बहुतेक यंत्रे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतली. पुढे ट्रॅक्टर आणि कंबाइन आले आणि ही यंत्रे गोठ्याच्या मागे किंवा झाडाखाली जाऊन पडली.

झाडाखाली पडलेल्या यंत्राचे पहिले काम म्हणजे घाई न करणे. गंजाने धरलेल्या नटबोल्टवर हातोडा चालवला की बिडाचा भाग तडकतो. या यंत्रांत बीड भरपूर, आणि बिडाचा स्वभाव आपल्या घरच्या तव्यावरून आपल्याला माहीत आहे. वर्षानुवर्षे टिकेल आणि एकदा हातातून पडला की दोन तुकडे. म्हणून सांध्यांवर पातळ तेल सोडत राहायचे, दिवसेंदिवस वाट पाहायची, थोडी ऊब द्यायची, पुन्हा तेल. तुटलेले बीड सरळ वेल्डिंग केले तर शेजारी नवी चीर जाते, म्हणून ते सावकाश तापवून पितळेने झाळतात. प्रत्येक ओतीव भागावर उठावाचे आकडे असतात. ते आकडे वाचून दुसऱ्या मोडक्या यंत्रातून तोच भाग मिळवता येतो. त्यामुळे या नादाची माणसे एक यंत्र चालवण्यासाठी दोन-तीन विकत घेतात, आणि बायकोची बोलणी खातात, असे ते स्वतःच लिहितात.

काही बेअरिंगे कथील, शिसे आणि अँटिमनीच्या मिश्रधातूची. ती झिजली की जुना धातू वितळवून काढायचा, दांडा जागेवर धरायचा आणि भोवती नवा धातू ओतायचा. दांड्याला धातू चिकटू नये म्हणून आधी त्यावर मेणबत्तीची काजळी धरतात. हे वाचताना मला कल्हईवाल्या चाचांची आठवण झाली. नवसागराचा धूर, कापसाचा बोळा आणि भांड्याच्या तळाशी अचानक उजळलेली चांदी. धातू कधी ‘तयार’ झाला हे ओळखणारी नजर कुठल्याही पुस्तकात शिकवता येत नाही. बीएडच्या अभ्यासक्रमात तर नाहीच.

पाते म्हणजे एका पट्टीवर रिव्हेटने बसवलेल्या त्रिकोणी पात्यांची ओळ. ही त्रिकोणी पाती आजही नवी मिळतात. ती बसवताना एक गोष्ट सांभाळावी लागते. दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी पाते लोखंडी बोटाच्या बरोबर मध्यावर यायला हवे. ते जरा जरी चुकले तर यंत्र पीक कापायच्या ऐवजी चावते आणि घोड्यांना दुप्पट जोर लागतो. पाते सरकवणारा दांडा मुद्दाम लाकडाचा असतो. मध्ये दगड आला तर तो धक्का सोसतो, फारच झाले तर मोडतो, पण मागची दातेरी चक्रे वाचतात. कापलेले पीक वर नेणारे कॅनव्हासचे पट्टे बहुधा उंदरांनी खाल्लेले असतात. ते नवे शिवून त्यांवर लाकडी पट्ट्या ठोकाव्या लागतात. रात्री दव पडण्याआधी हे पट्टे सैल करून ठेवायचे. ओले झाले की ते आवळतात आणि रुळांसकट सगळे वाकवतात.

शेवटी गाठ मारणारा भाग. पोपटाच्या चोचीसारखा दिसणारा एक लहानसा लोखंडी तुकडा. एक वाकडी सुई सुतळी पेंढीभोवती फिरवून आणते, चोच एक गिरकी घेते, सुतळीचा फास तिच्यावर पडतो, चोच उघडून दोन्ही टोके पकडते, सुरी सुतळी कापते आणि पेंढी बाहेर ढकलली जाताना फास चोचीवरून सटकून टोकांभोवती आवळतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. या चोचीवर गंजाचा एक बारीक खड्डा राहिला तर फास सटकत नाही आणि सुतळी तुटते. म्हणून ती आरशासारखी घासावी लागते. सुतळीचा ताण कमी झाला की पेंढी सुटते, जास्त झाला की गाठ बसत नाही. दुरुस्ती करणारे सांगतात, की सगळे यंत्र आठवड्याभरात जुळते आणि गाठ महिनाभर छळते.

यंत्र जुळले म्हणजे काम झाले असे नाही, कारण त्याला इंजिन नाही. सात-आठ फूट रुंद पात्याचा बाइंडर ओढायला तीन-चार घोडे लागतात. चाकाच्या जोरावर पाते, रहाट, पट्टे, गाठ सगळेच फिरायचे, म्हणजे ओढ जड, आणि दिवस उन्हाळ्याचे. नवख्या घोड्यांना मागचा खडखडाट सहन होत नाही, म्हणून आधी यंत्राची गती तोडून ते नुसतेच ओढायला लावतात, मग हळूहळू आवाज अंगवळणी पाडतात. शेताच्या कडेची पहिली पात बऱ्याच जागी हातानेच कापतात, नाहीतर घोडे उभे पीक तुडवतील. कोपऱ्यावर दम द्यायचा. दिवसात दोनदा तरी तेलाची झारी घेऊन प्रत्येक भोकात तेल सोडायचे. एवढे केले तर दिवसाला दहा-बारा एकर होते.

आणि यंत्र कापून-बांधून गेले तरी माणसे लागतातच. बाइंडरने पीक पूर्ण वाळायच्या थोडे आधी कापतात, दाणा नखाने दबेल इतपत असताना. मग आठ-दहा पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, काही जण वर एक आडवी टोपी घालतात, आणि पीक तसेच काही दिवस वाळू द्यायचे. नंतर गाडीतून मळणीयंत्राकडे.

हे सगळे अमेरिकेत आजही हौसेपलीकडे करणारा समाज म्हणजे आमिश. पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी आणि ओहायोतली होम्स काउंटी ही त्यांची मोठी ठिकाणे. पेहराव आणि दाढी यांवरून लांबूनच ओळखू येणारा एक धार्मिक अल्पसंख्य समाज (मिशी काढलेली दाढी, हेही इथे नोंदवून ठेवतो. आमच्या मोहल्ल्यातल्या काहींना ते आपलेच वाटतील). यंत्रांबद्दलचे त्यांचे नियम प्रत्येक मंडळीचे वेगळे असतात. काही ठिकाणी खेचरांच्या मागे डिझेल इंजिन लावलेले यंत्रही चालते. पण अनेक जुन्या वळणाच्या मंडळ्यांत स्वतःच्या बळावर चालणारे कंबाइन नाही. मळणी शेजारी मिळून करतात, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. आपल्याकडे याला सावड म्हणत. त्यांच्याबद्दल भाबडेपणाने लिहायची पद्धत आहे, ती मला जमणार नाही. आठवीनंतर मुलांना शाळेतून काढण्याचा त्यांचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मान्य केला, तो निकाल शिक्षक म्हणून माझ्या गळी उतरत नाही. पण जुने यंत्र काचेमागे न ठेवता रोजीरोटीला लावणे म्हणजे काय, ते त्यांच्याकडे दिसते. १९९४ पासून ‘हॉर्स प्रोग्रेस डेज’ नावाचा त्यांचा मोठा मेळावा दरवर्षी भरतो. घोड्यांनी ओढायची नवी-जुनी अवजारे तिथे शेतात चालवून दाखवतात.

इंग्लंडमध्ये कारण वेगळे आहे. तिथल्या गवती छपरांसाठी गव्हाचे लांब, न चेचलेले काड लागते. कंबाइन ते चेचून टाकते. म्हणून काही शेतकरी आजही उंच जातीचा गहू मुद्दाम पेरतात आणि जुन्या बाइंडरनेच कापतात, आता बहुधा ट्रॅक्टर जोडून. छप्पर जुने ठेवायचे तर यंत्रही जुने ठेवावे लागते.

एवढ्या निगुतीने दुरुस्त केलेल्या यंत्रावर सगळ्यात शेवटी काय होते? रंग. लाल, निळा, पिवळा, आणि त्यावर जुन्या नमुन्याप्रमाणे रेखलेले कंपनीचे नाव. ‘मॅकॉर्मिक’, ‘डीअरिंग’, १९०२ मध्ये या दोन्ही आणि आणखी काही कंपन्या एक होऊन झालेली ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’. माझी तक्रार इथे सुरू होते. यंत्राचा एकेक भाग सुटा करून घासणाऱ्या माणसाच्या हाताखालून ज्या लोकांचे काम जाते, त्यांतल्या कोणाचेही नाव रंगवले जात नाही. तेव्हा मी ते भाग पुन्हा एकदा हातात घेतो.

सुतळी घ्या. ती पूर्वी मुख्यतः मेक्सिकोतल्या युकातान प्रांतातून येई, एनेकेन नावाच्या वनस्पतीच्या वाखापासून. आपल्या बांधावरच्या घायपाताची, केकताडाची ती बहीण. बाइंडर जितके वाढले तितके युकातानचे मळे वाढले. मळेवाले गडगंज झाले आणि पाती तोडणारे माया मजूर कर्जाच्या बेडीत अडकले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या याकी लोकांना तर पकडून तिथे राबायला पाठवले गेले. जॉन केनेथ टर्नर या अमेरिकी पत्रकाराने १९०९ मध्ये ती वेठबिगारी छापून जगासमोर आणली. म्हणजे ज्या गाठीने अमेरिकी शेतातले वाकलेले हात मोकळे केले, तिने दुसरीकडचे बांधले.

मग बिडाचा भाग. तो साच्यात ओतणारा माणूस म्हणजे आपल्या भाषेत ओतारी. मॅकॉर्मिकच्या शिकागो कारखान्यातले ओतारी सगळ्यात कुशल आणि सगळ्यात संघटित कामगार होते. १८८५ मध्ये त्यांनी पगारकपातीविरुद्ध संप केला आणि जिंकला. सायरस मॅकॉर्मिक आदल्याच वर्षी वारले होते, कारखाना मुलाकडे होता. कंपनीने हवेच्या दाबावर चालणारी साचे बनवायची यंत्रे आणली, ज्यांवर अकुशल माणूसही काम करू शके, आणि कुशल ओतारी घालवले. रॉबर्ट ओझान या इतिहासकाराने या कारखान्याच्या मजुरीचा अभ्यास केला आहे. त्यांच्या मते त्या यंत्रांचा माल कमी दर्जाचा आणि महाग पडत होता. तीन वर्षांनी ती यंत्रे काढून टाकली. तोवर संघटना मोडली होती.

१८८६ च्या फेब्रुवारीत कामगारांना टाळेबंदीने बाहेर काढले गेले. मेच्या सुरुवातीला देशभर आठ तासांच्या दिवसासाठी संप सुरू झाले. ३ मे रोजी कारखान्याच्या फाटकावर गोळीबार झाला आणि किमान दोघे मेले. निषेधाची सभा दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात भरली. तिथे पोलिसांवर बॉम्ब पडला. तो कोणी टाकला ते कधीच सिद्ध झाले नाही, पण आठ जणांवर खटला चालला. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी झाली, एकाने आदल्या दिवशी तुरुंगात जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये राज्यपाल आल्टगेल्ड यांनी खटलाच अन्यायाचा होता असे सांगून सोडले. १८८९ मध्ये पॅरिसच्या परिषदेने १ मे हा दिवस ठरवला. भारतात तो पहिल्यांदा १९२३ मध्ये मद्रासला सिंगारवेलर यांनी पाळला.

आणि शेवटी वॉलनट ग्रोव्हची ती लोहारशाळा, जिथे हे सगळे सुरू झाले. यंत्राचा मान कोणाचा, यावरून मॅकॉर्मिक घराण्यात पुढे भांडण लागले. सायरस यांचे धाकटे भाऊ लिअँडर यांनी १८८५ मध्ये पुस्तक छापून खरे संशोधक आपले वडील रॉबर्ट होते, असे मांडले. बापाचा की मुलाचा, असा तो वाद. पण लोहारशाळेत भट्टीपाशी आणखी एक माणूस होता. जो अँडरसन. सायरस यांच्याच वयाचा, मॅकॉर्मिक कुटुंबाच्या मालकीचा गुलाम. यंत्राचे भाग घडवण्यात तो सायरसच्या बरोबरीने राबला, आणि पहिल्या चाचणीत बाजूने चालत फळीवरचे पीक दाताळ्याने खाली ओढणारा तोच होता, असे सांगतात.

त्याचा वाटा किती होता हे कागदांवरून मोजता येणार नाही, कारण त्याच्या नावाचा कागद होणेच शक्य नव्हते. पेटंटसाठी अर्जदाराला शपथ घ्यावी लागे. मिसिसिपीतल्या एका मालकाने आपल्या नेड नावाच्या गुलामाने काढलेल्या शेतीच्या अवजाराचे पेटंट स्वतःच्या नावावर मागितले, तेव्हा १८५८ मध्ये अमेरिकेच्या महान्यायवाद्यांनी निर्णय दिला की गुलामाच्या शोधाचे पेटंट गुलामालाही मिळणार नाही आणि मालकालाही नाही. शोध मालकाचा नव्हता, आणि ज्याचा होता तो कायद्याने नागरिक नव्हता. ही नोंदही उरली ती मालकाने अर्ज केला म्हणून. जो अँडरसनच्या बाबतीत असा अर्ज करण्याचे कोणाला कारणच पडले नाही.

त्याचे नाव ठळकपणे छापले गेले ते १९३१ मध्ये, यंत्राच्या शताब्दीला. सायरस यांच्या नातवाने, त्यांचेही नाव सायरस, ‘द सेंच्युरी ऑफ द रीपर’ या पुस्तकात जो अँडरसनला आजोबांच्या बरोबरीने यंत्र घडवणारा म्हणून मान दिला. ते शेत आज व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठाकडे आहे. लोहारशाळा आणि गिरणी जपून ठेवली आहे, लोक पाहायला जातात.